लेक फिलिपिन्सहून सुट्टीला येतेय. तिथला ट्रॅव्हल टॅक्स कोणी, किती आणि कुठे भरायचा?

अहमदपूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते थोडं आटोपशीर करून देत आहोत.

"पोरगी मागच्या वर्षी एप्रिलमध्ये डॉक्टरकी शिकायला फिलिपिन्सला, दावाओला गेली. नाइन-एफ म्हणतात तो विद्यार्थी व्हिसा आहे. गेली ती अजून एकदाही आली नाही. आता जूनमध्ये महिनाभर यायली. तिच्या रूमवरच्या पोरी म्हणतात, निघताना तिथल्या सरकारचा ट्रॅव्हल टॅक्स भरावा लागतो, १,६२० पेसो. तिकीट काढून देणारा एजंट म्हणतो, तिकिटात सगळं आलं. तिसरा एक जण म्हणतो, विद्यार्थ्याला माफ असतं, ८ हजार द्या, माफीचं सर्टिफिकेट काढून देतो. कोणाचं खरं धरावं? दिवाळीनंतर मी आणि तिची आई आठ दिवस तिकडं जायचं म्हणतोय. आम्हालाही भरावा लागंल का? इकडून निघताना आपल्या सरकारचा काही कर, काही दाखला? आणि तिची नांदेडची मैत्रीण मागच्या नोव्हेंबरात घरी आली, तिनं हा टॅक्स दोनदा भरला. ते पैसे परत मिळतात का?"

भाऊ, आधी त्या ८ हजारांचं. ते कोणालाही देऊ नका. माफीचं सर्टिफिकेट असतं हे खरं, पण ते तुमच्या मुलीला लागू होत नाही. ज्यांना लागू होतं त्यांना सरकारी काउंटरवर २०० पेसो शुल्कात मिळतं, म्हणजे आपल्या तीन-साडेतीनशे रुपयांत. मुलीला भरायचा पूर्ण करच १,६२० पेसो आहे, साधारण अडीच हजार रुपये. अडीच हजारांचा कर वाचवायला ८ हजार मागणारा माणूस बनावट कागद हातात देणार, आणि तो कागद घेऊन अडचणीत येणार ती परदेशात एकटी उभी असलेली तुमची लेक.

रूमवरच्या मुलींचं बरोबर आहे. फिलिपिन्समध्ये देश सोडताना भरायचा हा सरकारी कर आहे. १९७७ सालच्या ११८३ क्रमांकाच्या अध्यक्षीय हुकमाचा त्याला आधार आहे आणि पर्यटन खात्याखालची टिएझा नावाची संस्था तो वसूल करते. गोळा झालेल्या पैशातला निम्मा वाटा टिएझाकडे राहतो, ४० टक्के तिथल्या उच्च शिक्षण आयोगाकडे आणि १० टक्के संस्कृती व कला आयोगाकडे जातो. कर तीन प्रकारच्या लोकांना लागतो: फिलिपिन्सचे नागरिक, तिथे कायमचा राहण्याचा परवाना असलेले परदेशी, आणि तात्पुरत्या व्हिसावर येऊन एक वर्षापेक्षा जास्त राहिलेले परदेशी. विद्यार्थी व्हिसा हा तात्पुरत्या व्हिसातच मोडतो. तुमची मुलगी एप्रिलमध्ये गेली आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये निघते आहे, म्हणजे चौदा महिने. ती तिसऱ्या गटात येते.

मग "विद्यार्थ्याला माफ" हे कुठून आलं? दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. पहिली म्हणजे, नवी मुलं बऱ्याचदा आठ-दहा महिन्यांत सुट्टीला घरी येऊन जातात. त्यांचं वर्ष भरलेलं नसतं, म्हणून त्यांच्याकडे कोणी कर मागत नाही. ती मुलं परत जाऊन सांगतात की आपल्याला लागतच नाही, आणि मग वर्षाच्या वर राहिलेली मुलं बेसावध राहतात. दुसरी गोष्ट अशी की माफीच्या यादीत विद्यार्थी हा शब्द खरोखर आहे, पण तो सरकारी संस्थेने मंजूर केलेल्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. घरच्या पैशावर किंवा बँकेच्या कर्जावर शिकणारी मुलं त्यात बसत नाहीत. निम्म्या दराचीही चर्चा असते. इकॉनॉमीचा ८१० पेसोंचा तो दर मुख्यतः २ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे, कॉलेजच्या आयडी कार्डावर मिळत नाही. पूर्ण दर इकॉनॉमीला १,६२० आणि फर्स्ट क्लासला २,७०० पेसो.

आता एजंटचं "तिकिटात सगळं आलं". हे अर्धंच खरं असतं. विमानतळाचं टर्मिनल शुल्क, सुरक्षा शुल्क वगैरे बहुतेक वेळा तिकिटात येतं. ट्रॅव्हल टॅक्सचं तसं नाही. प्रवासी कुठला नागरिक आहे आणि तिथे किती महिने राहिला यावर हा कर ठरतो, आणि भारतात तिकीट काढताना कोणी ते विचारतही नाही. म्हणून इथे काढलेल्या तिकिटात तो सहसा नसतो. उलट फिलिपिन्समधल्या विमान कंपनीच्या साइटवरून तिकीट काढलं तर तिथे तो जोडण्याची सोय असते आणि कधी कधी आपण न वाचता ती खूण करून मोकळे होतो. नांदेडच्या मुलीचं बहुधा असंच झालं असावं.

त्यामुळे एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका, त्याच्याकडून ई-तिकिटाची पूर्ण प्रत मागा. व्हॉट्सअॅपवर येतो तो एका पानाचा प्रवासाचा तपशील पुरत नाही. ज्या पानावर मूळ भाडं आणि त्याखाली करांची फोड असते ते पान हवं. त्या फोडीत प्रत्येक करापुढे दोन अक्षरांचा कोड असतो. पी आणि एच ही दोन इंग्रजी अक्षरं दिसली तर तो फिलिपिन्सचा ट्रॅव्हल टॅक्स. रक्कम १,६२० पेसो किंवा तेवढेच रुपयांत बदललेले पैसे असतील. एल आणि आय ही अक्षरं म्हणजे टर्मिनल शुल्क, ते वेगळं. नुसतं "टॅक्सेस अँड फीज" अशी एकच ओळ आणि एकच आकडा असेल तर कोडनिहाय फोड विमान कंपनीकडून मागवून घ्या. पी-एच सापडलं तर ते पान छापून मुलीला पाठवा, तिने पुन्हा भरायची गरज नाही. सापडलं नाही तर तिने भरायचा.

भरायच्या दोन वाटा आहेत आणि आमचा कौल ऑनलाइनला आहे. टिएझाच्या अधिकृत साइटवर पासपोर्टवर आहे तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक, तिकिटाचा क्रमांक, विमानाची तारीख आणि वर्ग भरायचा, तिथल्या कार्डने किंवा मोबाइल वॉलेटने पैसे द्यायचे. थोडं सेवाशुल्क वर लागतं. पावती ईमेलवर येते. ती मोबाइलमध्ये ठेवायची आणि एक छापील प्रतही जवळ ठेवायची, कारण चेक-इनच्या काउंटरवर ती दाखवावी लागते. साइटचा पत्ता गव्ह डॉट पीएच असा संपतो का ते नीट पाहायला सांगा. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातींवरून आत शिरू नये.

नावाची एक अडचण आपल्याकडच्या मुलांना हमखास येते. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून असतं, तिकिटावर ते गाळलेलं असतं, आणि पावतीवर तिसरंच काही. तिकीट आणि पासपोर्ट यांत फरक असेल तर एजंटकडून आत्ताच दुरुस्ती करून घ्या. पावतीवर पासपोर्टप्रमाणेच नाव टाका.

ऑनलाइन जमलं नाही तर विमानतळावर चेक-इनच्या आधी टिएझाचं काउंटर असतं. पासपोर्ट आणि तिकीट दाखवून रोख भरायचे. गोंधळ होतो तो क्रमाचा. मुलं आधी सामानाच्या रांगेत तासभर उभी राहतात, पुढे गेल्यावर काउंटरवाला म्हणतो की ट्रॅव्हल टॅक्सची पावती आण, मग पुन्हा मागे. पावतीशिवाय बोर्डिंग पास मिळत नाही. म्हणून आत शिरल्यावर आधी ते काउंटर गाठायचं. मुलीने खिशात पाच-सहा हजार पेसो रोख ठेवावेत, कारण निघताना लागणारा खर्च एवढ्यावर संपत नाही. त्याचं पुढे सांगतो. रुपये तिथे कामाला येणार नाहीत. मात्र ५० हजार पेसोंपेक्षा जास्त स्थानिक रोकड परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हेही तिला सांगून ठेवा.

दावाओहून मनिलामार्गे येणार असेल तर एक गोष्ट नीट विचारा: दोन्ही विमानांचं तिकीट एकच आहे की वेगवेगळं? वेगळं असेल तर मनिलाला सामान ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागेल, आणि मनिलाची टर्मिनलं एकमेकांपासून लांब आहेत, मधे शहराची रहदारी आहे. अशा वेळी दोन विमानांत निदान पाच-सहा तास हवेत. कर मात्र एकदाच, देश सोडतानाचा. दावाओ ते मनिला या आतल्या प्रवासाला तो नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण ज्याने मुलं खरी अडकतात ते. ट्रॅव्हल टॅक्स भरला म्हणजे देश सोडायची परवानगी मिळाली असं नाही. परवानगीचा विषय तिथल्या इमिग्रेशन ब्युरोचा आहे आणि तिचं नाव एमिग्रेशन क्लिअरन्स सर्टिफिकेट, मुलं त्याला ईसीसी म्हणतात. करवसुली टिएझाची, ईसीसी इमिग्रेशनचं. पावत्या दोन, काउंटर दोन. बरीच मुलं एकाची पावती घेऊन दुसरीही झाली असं समजतात.

मुलीचा नाइन-एफ व्हिसा चालू असेल, एसीआर आय-कार्ड नावाचं परदेशी नोंदणी कार्ड मुदतीत असेल आणि ती परत जाणार असेल, तर तिला ईसीसीचा बी प्रकार लागतो. तो परत येण्याच्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय विमानतळावरच इमिग्रेशनच्या खिडकीवर पैसे भरून मिळतो. वर रोख ठेवायला सांगितलं ते यासाठी. पण व्हिसा अजून पर्यटकावरून विद्यार्थ्यावर बदलायच्या प्रक्रियेत असेल, म्हणजे ती अजून पर्यटक व्हिसाच्या मुदतवाढीवर असेल, तर चित्र वेगळं. पर्यटक म्हणून सहा महिने किंवा जास्त राहिलेल्याला ए प्रकारचं ईसीसी लागतं आणि ते इमिग्रेशनच्या ऑफिसातून आधी काढावं लागतं, निघण्याच्या निदान ७२ तास आधी. ते दिल्यापासून एक महिना चालतं. विमानतळावर ते ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहिलं की विमान चुकतं.

म्हणून आज रात्री मुलीला फोन करा तेव्हा हे विचारा: पासपोर्टवर नाइन-एफचा शिक्का आहे का, त्याची मुदत कधी संपते, आय-कार्ड हातात आहे की कॉलेजच्या लायझन ऑफिसरकडे, म्हणजे मुलांच्या व्हिसाची कामं पाहणाऱ्या माणसाकडे आहे. पुष्कळ कॉलेजांत पासपोर्ट आणि कार्ड मुदतवाढीसाठी लायझनकडे दिलेलं असतं आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहतं. निघण्याच्या तीन आठवडे आधी दोन्ही गोष्टी हातात आल्या पाहिजेत. लायझनने या कामाचे पैसे घेतले असतील तर सरकारी पावती मागावी. ती पावती मागायचा तिला हक्क आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. व्हिसाची मुदत ती इकडे असतानाच संपत असेल, तर निघायच्या आधीच कॉलेजशी बोलून मुदतवाढ करून घ्यावी.

हा कर रद्द करावा म्हणून फिलिपिन्सच्या संसदेत विधेयकं मांडली गेली आहेत. त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात टिएझाच्या साइटवर दर एकदा पाहून घ्या. कोणीतरी ग्रुपवर "बंद झाला" असं टाकलं म्हणून भरायचं सोडू नका.

तुमच्या दोघांच्या सहलीला हा कर नाही. आठ दिवसांसाठी जाणारा पर्यटक एक वर्षाच्या अटीत बसतच नाही. जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवसांपर्यंत फिलिपिन्सला व्हिसाशिवाय जाता येतं. पासपोर्ट पुढे सहा महिने तरी चालू असावा, परतीचं तिकीट, राहण्याची जागा आणि खर्चाची सोय दाखवता आली पाहिजे. हे १४ दिवस तिथे गेल्यावर वाढवून मिळत नाहीत, तेव्हा परतीची तारीख जपून घ्या. मुलीच्या खोलीवर राहणार असाल तर तिचा पत्ता, कॉलेजचं पत्र आणि भाडेकराराची प्रत जवळ ठेवा. पोचण्याआधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हल नावाची ऑनलाइन नोंदणी करायची असते. ती पूर्ण फुकट आहे. तिचे पैसे मागणारी साइट म्हणजे नकली साइट.

इकडचं विचारलंत. भारत सरकारचा परदेश प्रवास कर एकेकाळी होता, माणशी ५०० रुपये, शेजारच्या काही देशांना १५०. तो जानेवारी २००४ मध्ये रद्द झाला. आज हैदराबाद किंवा मुंबईच्या विमानतळावर असा कर भरायची खिडकीच नाही. जे काही आहे, जीएसटी, विमानतळ विकास शुल्क, सुरक्षा शुल्क, ते तिकिटातच घेतलेलं असतं. यातलं कामाचं एक सांगतो: काही कारणाने जाणं रद्द झालं आणि एजंट म्हणाला की तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, एक रुपया मिळणार नाही, तर मानू नका. मूळ भाडं बुडालं तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यायला विमान कंपन्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाने बांधलेल्या आहेत.

परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला इन्कम टॅक्सचा दाखला लागतो, अशी अफवा २०२४ च्या बजेटनंतर गावोगाव फिरली. प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खुलासा केला की हा दाखला फक्त क्वचित प्रसंगी लागतो: गंभीर आर्थिक गैरव्यवहारात नाव असेल, किंवा १० लाखांच्या वर प्रत्यक्ष कराची थकबाकी असेल आणि तिला स्थगिती नसेल. सोयाबीन-तुरीच्या शेतकऱ्याने त्यासाठी लातूरच्या कर कार्यालयात खेटे घालायचं कारण नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे नोकरीला परदेशी जाताना सरकारी मंजुरी लागते असा शेरा असतो, त्याचीही भीती घालतात. ते ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. लेकीला भेटायला जाणाऱ्याला त्यातलं काही लागत नाही.

एक कर मात्र तुमच्या वाटेत येऊ शकतो, टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच कंपनी किंवा बँक तुमच्याकडून आगाऊ घेते तो आयकर. विमान आणि हॉटेल एकत्र असं पॅकेज कंपनीकडून घेतलंत तर १ एप्रिल २०२६ पासून त्यावर २ टक्के टीसीएस आहे. आधी १० लाखांपर्यंत ५ आणि वर २० टक्के होता. नुसतं तिकीट काढलं आणि मुलीकडे राहिलात तर तो लागत नाही, आणि तुम्ही तेच करावं. दीड लाखाच्या पॅकेजवर ३ हजार टीसीएस होतो. पॅन दिला नाही किंवा तो आधारशी जोडला नसल्याने निष्क्रिय असेल तर दर वाढतो.

मुलीची फी बँकेतून पाठवता त्यावरही टीसीएस नजरेत ठेवा, पण तिथला नियम वेगळा आहे. एका पॅनवर एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत पाठवलं तर काही नाही. त्याच्या वर गेलं तर घरच्या पैशावर शिक्षणासाठी २ टक्के, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलं तर शून्य. फी, हॉस्टेल, खाण्यापिण्याचे पैसे सगळे यात मोजले जातात. तुम्ही आणि तिची आई दोघांच्या पॅनवर मर्यादा वेगवेगळी आहे. बँकेत फॉर्म भरताना उद्देशात शिक्षण हेच लिहिलंय ना ते पाहा. चुकून दुसरा उद्देश पडला की १० लाखांवरच्या रकमेला २० टक्के लागतात. टीसीएस कापला तरी तो बुडत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून बहुतेकजण रिटर्न भरत नाहीत, आणि कापलेला पैसा तसाच सरकारजमा राहतो. ज्या वर्षी कापला त्याचं रिटर्न ३१ जुलैपर्यंत भरा, परतावा पॅनशी जोडलेल्या खात्यात येतो.

राहिली नांदेडची मैत्रीण. तिचे १,६२० पेसो परत मिळू शकतात. दोनदा भरणं हे टिएझाच्या परताव्याच्या मान्य कारणांपैकी आहे, आणि भरल्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. तिने नोव्हेंबरात भरला म्हणजे अजून पुष्कळ वेळ आहे, पण पावतीची शाई उडायच्या आत काम उरका. काउंटरची पावती उष्णतेच्या कागदावर असेल तर वर्षभरात कोरी होते, आजच तिचा फोटो काढून ठेवायला सांगा. अर्जाला लागेल ते असं: पासपोर्टचं ओळखीचं पान आणि त्या दिवशीचा देश सोडल्याचा शिक्का, काउंटरवरची मूळ पावती, आणि पी-एच कोड दिसेल असं करांची फोड असलेलं ई-तिकीट. दोनदा भरल्याचा पुरावा या शेवटच्या कागदातच आहे, म्हणून आधी विमान कंपनीकडून तो मिळवावा. ती आता दावाओला परतली असेल तर तिथल्याच टिएझा ऑफिसात स्वतः जाऊन अर्ज द्यावा, नांदेडात बसून मध्यस्थाकडून करू नये.